वर केलेला हात

औरंगाबाद, मंगळवार, संध्याकाळ

आज सरावात संजयवर ओरडलो, तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. चिकलठाण्याच्या कारखान्यातली पाळी संपवून पोरगा सायकलीनं थेट मैदानावर येतो. परवा तो विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या म्हणणाऱ्या नामांतराच्या मोर्चात होता, हे सगळ्या संघाला माहीत. आज बास्केटखाली मोकळा उभा होता, हात वर करून. चेंडू कुणीच त्याच्याकडे टाकला नाही. मी शिट्टी फुंकली आणि ओरडलो, "खांबासारखा काय उभा राहतो रे?"

"सर, मी मोकळाच होतो," तो म्हणाला. "पास कामून मिळंना, ते सांगितलं तर तुमचा नियम मोडंल."

नियम माझाच. मैदानावर नामांतराचा विषय काढायचा नाही. किती मिरवला मी तो! त्यामुळं म्हणे संघ एक राहिला. खरंच राहिला? की फक्त संजय गप्प राहिला?

बारा वर्षं पोरांना एकच शिकवत आलो, चेंडू मोकळ्या गड्याला द्या. मग आज शिट्टी कुणासाठी वाजवायला हवी होती?

तो वर केलेला हात मला दिसलाच नाही, असं मघाशी बायकोला सांगितलं. खोटं सांगितलं. पहिल्यापासून दिसत होता.