अळणी आमटीतली चिमूट

रोहा, सोमवार, दिवेलागण

पेणहून भावजयीने पाठवलेलं सामान आलं. पोह्यांचे पापड, कुरडया, आणि पांढऱ्या खड्यांची पुडी. पापडांचे पैसे टिपले. पुडी फुकट. चायनीजच्या गाडीवर घालतात ते चवीचं मीठ. तिचा निरोप, "वन्सं, हे मीठ नव्हेच, भावोजींना बिनधास्त घाला."

ह्यांचं प्रेशर वाढल्यापासून ह्यांच्या पानात मीठ जवळजवळ नाहीच. माझे सोमवारही अळणी, ह्यांच्यासाठीच नवस बोललेले. दुपारी आमटीत चिमूटभर घातलं. ह्यांनी दोन वाट्या घेतल्या. "चोरून मीठ टाकलंस काय गो?" किती दिवसांनी जेवताना हसले! मीही तीच आमटी जेवले.

मग शेजारच्या काकू आल्या. "अगो, डोकं धरतं त्यानं, टाकून दे!" घाबरून डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, चिमटीने डोकं धरतं असं सिद्ध झालेलं नाही. पण सोडियम त्यातही असतं, मिठाहून कमी, तेव्हा मिठातच धरा.

म्हणजे हे मीठ की नाही? दोन वाट्या घेतल्यावर कमी तरी राहिलं का? आणि माझा सोमवार? मोडला म्हणू की नाही? डॉक्टरांना हे विचारायची लाज वाटली. महादेवापुढे हात जोडले. पुडी टाकवतही नाही.

शेवटी भावजयीला कार्ड लिहिलं: सुमन, ह्यांनी उद्याही हीच आमटी मागितली आहे. ज्यातून ही पुडी बांधलीस ते पाकीट तुझ्याकडे आहे. त्यावर छापलेलं सगळं उतरवून उलट टपाली कळव.