एका जीपला दोन चरख्या

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

मुक्काम हिप्परवाडी, तालुका औसा, जिल्हा लातूर
(हात सवयीनं आधी उस्मानाबाद लिहून बसला होता, ते खोडलंय. जिल्हा नवा झाला, हात जुनाच हाय.)

भोकर मुक्कामी आमचे मानाचे दाजी गुरुपादप्पा यांना धाकटा मेहुणा माणिकप्पाचे दोन्ही हात जोडून शरणु शरणार्थी. दानम्मा अक्काच्या पायावर डोकं. तुमचा गुडघा कसा हाय? अक्कानं दाढ काढली, की अजून तशीच ठेवून सगळ्यांवर चिडून राहिली? लाकडाचा अड्डा बरा चालला असंल. इकडं आम्ही सारे खुशाल हाव, असं लिहायची रीत हाय म्हणून लिहितो. खरं म्हणाल तर आडाचं बूड उघडं पडलंय, अन् दारात पाहुणा दिसला की आमची शांतम्मा आधी पाण्याचा तांब्या लपवते, मग ‘या, बसा’ म्हणते. तुम्ही तिला लग्नात पाहिलेली. तशी न्हाई राहिली हो ती. दुष्काळानं बाईचा स्वभाव बिघडला.

दाजी, तुम्ही माझ्यावर चिडला हाव. घरची चरखी सोडून मेहुणा नांदेडच्या भंगारात गेला, असं तुम्ही चारचौघांत बोललात हे आमच्या कानावर आलंय. म्हणून सगळी हकिकत इस्कटून सांगतो. रागावू नका, अन् वाचता वाचता हसूही नका.

गावाचं तळं दिवाळीलाच आटलं. मधोमध गाळात एक झिरा राहिलाय, त्यात वाटी-वाटीनं पाणी जमतं अन् बायका घागरी घेऊन तिथं दिवस काढतात. टँकर मागायला गेलो तर जुन्या जिल्ह्याचे म्हणाले, तुम्ही आता आमचे न्हाई. नव्याचे म्हणाले, तुम्ही आमचेच, पण तुमचं टेबल अजून यायचंय. (टेबल आलं तवा खुर्ची यायची होती.) शेवटी टंचाईचे साहेब गाठले. माणूस सज्जन. म्हणाले, डोळ्यानं पाहिल्याबिगर मी टँकर देत न्हाई, अन् तुमच्या ओढ्याच्या वाळूत माझी गाडी एकदा रुतलीय, आता मी काय येत न्हाई. म्हणजे साहेब आले तर पाणी, न्हाईतर बोंब. सगळा गाव माझ्या तोंडाकडं बघू लागला, कामून की गावात जीप एकच अन् ती माझी (मिलिटरीच्या लिलावातली, शांतम्मा तिला सवत म्हणते). ठरलं की साहेबांना आपल्याच जीपमधी आणायचं, अन् रुतली तर निघावी म्हणून तिला चरखी बसवायची. तुम्ही रोज सागाचे ओंडके ओढता, तुम्हाला काय सांगायचं? पोलादी तारेचा आकडा झाडाला अडकवायचा, दांडा फिरवून तार गुंडाळायची, गाडी आपली आपण बाहेर.

तुमच्या ट्रकवरची चरखी आणावी हे मीच पहिल्यांदा बोललो, बसवण्णाची शपथ. पण आप्पासाहेब आडवे आले. (आप्पासाहेब म्हणजे आमच्या गावचे बैल पारखणारे. हाळीच्या बैलबाजारात त्यांनी ज्या बैलाला नाक मुरडलं, त्याला मालक मुकाट घरी नेतो.) ते म्हणाले, लेकीबाळीच्या सासरचं आपण पाणीसुद्धा पीत न्हाई, अन् तिच्या नवऱ्याची चरखी आणून गावाला पाणी पाजणार? मेलेली माणसं उठून बसतील!

मग चरखी पाहायला चौघं निघालो. मी, आप्पासाहेब, वरल्या गल्लीचा नरसिंग अन् खालल्या गल्लीचा ग्यानोबा. (एका गल्लीचा नेला अन् दुसरीचा न्हाई, तर वर्षभर तोंडं वाकडी.) लातुरात एका दुकानात कोरी करकरीत लाल चरखी होती. मला पसंत होती. आप्पासाहेबांनी नखानं रंग खरवडला अन् म्हणाले, चला. शिंगं रंगवून आणतात तो बैल म्हाताराच असतो. दुसरी होती बॅटरीवर चालणारी. ही खाती काय, असं त्यांनी विचारलं. बॅटरी, असं दुकानदार म्हणाला. म्हणजे स्वतःच्या अंगात काय न्हाई, उसन्या जिवावर ओढणार, असं म्हणून तिलाही नापास केलं. तिथनं एस्टीनं नांदेड. तिथं वजीरभाई भंगारवाल्याकडं मिलिटरीच्या मोडीतली, हातानं फिरवायची चरखी निघाली. आप्पासाहेबांनी तिच्या चाकाचे दात मोजले, मागं-पुढं चालवून पाहिली, पाठीवर थाप मारून ‘बुजत न्हाई’ असं जाहीर केलं, अन् खांद्यावरचा रुमाल काढून वजीरभाईच्या हातावर टाकला. रुमालाखाली बोटं दाबून भाव करायची आपली बाजारातली रीत त्या भल्या माणसाला काय ठाऊक? तो हात सोडवायला लागला, हे अजून जोरात दाबायला लागले. (चरखी वजन किती ओढती हे आम्हा चौघांत कुणीच विचारलं न्हाई. हे तुम्हाला म्हणून सांगितलं, अक्काला सांगू नका.)

आता जोडीचं. वजीरभाईकडं अगदी तशीच दुसरी होती, सख्खी बहीण शोभावी अशी. ती दिसल्याबरोबर आप्पासाहेब मातीतच बसले. म्हणाले, एकटा बैल औताला कुणी जुंपतं का रे? एकटी नेली तर झुरंल. वजीरभाई हात जोडून म्हणत होता, “साब, एक गाडी कू एकच बस हय, दुसरी नक्को!” आता विकणाराच नको म्हणतोय म्हटल्यावर आमचा संशय पक्का झाला, की दुसरीच खरी गुणाची हाय अन् हा बेटा ती दाबून ठेवतोय. घेतली जोडी. एक जीपला पुढं बसवली, एक मागं. शांतम्मानं दोघींना कुंकू लावलं अन् मला विचारलं, दोघी एकदम ओढू लागल्या तर जीप कुणाकडं जाईल? मी म्हटलं, तुला यातलं कळत न्हाई.

साहेबांना घेऊन आलो त्या दिवशी सगळा गाव ओढ्यावर हार घेऊन उभा. जीप रुतते कधी अन् चरखी चालते कधी! अन् मेली रुतलीच न्हाई. वाळूतनं सुळकन निघून आली. लोकांची तोंडं उतरली. नरसिंग तर म्हणाला, नांदेडपावतो जाऊन आणली ती काय शोभेला? साहेबांनी हार गळ्यात घालून घेतला, अन् चला झिरा दाखवा म्हणाले. चालत नेता आलं असतं हो, पण आप्पासाहेबांनी बोट केलं, गाडी तळ्यातनंच घ्या. मी पण घेतली. आटलेलं तळं वरनं भाकरीसारखं कडक अन् आतनं पिठलं. झिऱ्याच्या अलीकडं जीप बुडापावतो बसली. गावानं टाळ्या वाजवल्या. साहेबांना वाटलं सत्कार चालूच हाय, त्यांनी बसल्या जागी नमस्कार केला.

वरल्या गल्लीनं पुढची तार काठावरच्या चिंचेला बांधली. तेवढ्यानं भागलं असतं. पण मागची रिकामी ठेवली तर खालल्या गल्लीचा मान जातो, म्हणून त्यांनी ती पलीकडच्या काठावर बाभळीला बांधली. दोन्ही दांड्यांना गडी लागले, आप्पासाहेबांनी ‘हाण रं!’ म्हणून आरोळी दिली. अन् दाजी, जीप पुढं न्हाई, मागं न्हाई, वर आली. दोन काठांच्या मधी धोतर वाळत घातल्यासारखी जीप, अन् तिच्यात साहेब, गळ्यात हार. दांडे फिरवणारे टाचा उंच करकरून फिरवू लागले. मी घसा फोडून ओरडलो, एकानं तरी सोडा रे! दोन्ही गल्ल्या म्हणाल्या, आधी त्यांना सांगा. शेवटी बाभळच मुळासकट उपटली, अन् जीप जी आपटली ती टपापावतो गाळात. साहेबांना आडाच्या दोरानं ओढून काढलं. खरचटलं काय न्हाई.

मग त्यांनी हापिसात निरोप धाडला, मिळंल ती मोठी गाडी पाठवा. मिळाला पाण्यानं भरलेला टँकर. तो जीप ओढायला गाळात उतरला, अन् तोही रुतला. साहेब वैतागून म्हणाले, हलका करा, पाणी सोडून द्या! तोंडातनं शब्द पडायचा अवकाश, शांतम्मानं तोटी उघडली. गाव घागरी, हंडे, पराती, सापडंल ते घेऊन धावला. लेकरं तोटीखाली तोंड धरून प्यायली. घागर भरतानाचा तो आवाज मी विसरूनच गेलो होतो. मला रडू आलं, लाज कशाची सांगायला.

हलका होऊनही टँकर निघाला न्हाई. दुसऱ्या दिवशी त्याला काढायला दुसरा टँकर आला, तोही भरलेलाच (रिकामा टँकर हापिसातनं सुटत न्हाई, असा नियम). साहेबांचा आता सक्त हुकूम हाय, की भरलेला टँकर रुततो, तवा ओढायच्या आधी काठावर रिकामा करायचा. आम्ही हुकूम पाळतो. मग तो रिकामा टँकर रुतलेल्याला ओढायला लागतो, अन् रिकाम्याच्या अंगात जोर कुठला? चाकं नुसती जाग्यावर फिरतात. संध्याकाळी जातो, सकाळी भरून येतो. रोज हेच चालून राहिलंय. गावाच्या टँकरची मंजुरी मात्र अजून आली न्हाई, कामून की पाहणी पुरी झाली न्हाई, अन् पाहणीची जीप गाळात हाय.

आता मुद्द्याचं. साहेब माझ्या ओसरीवर बसलेत, पुढचं त्यांच्या सांगण्यावरून लिहितो अन् त्यांना वाचून दाखवतो. आपल्या ट्रकवरची चरखी या मुलखात सगळ्यात जोराची असल्याचं त्यांना समजलं आहे. तरी पत्र पावताच ट्रक व चरखी घेऊन तातडीनं यावं, सरकारी टँकर बाहेर काढावा आणि नव्या जिल्ह्याची अब्रू राखावी. साहेबांचा माणूस आपल्याला भेटेलच. थोरांना शरणार्थी, लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
माणिकप्पा

ता. क. साहेब गेले. दाजी, पाया पडतो, ट्रक घेऊन येऊ नका. तुमची चरखी एका हिसक्यात टँकर बाहेर काढंल, हीच तर धास्ती हाय. साहेबांचा माणूस आला की सांगा तार तुटली, दात पडले, सुचंल ते सांगा. दिवाळीपासून आम्ही हेलपाटे घातले, हातापाया पडलो, तवा घोटभर पाणी कुणी आणलं न्हाई. माणसं तहानलेली होती तवर कुणी फिरकलं न्हाई, टँकर रुतला तर रोज येऊन राहिले. पाऊस पडेस्तोवर तो हाय तिथं सुखानं राहू द्या.

आणखी ता. क. हे शांतम्मा सांगून राहिली म्हणून लिहितो. काल ओढताना टँकर वीतभर हालला. वरली गल्ली अन् खालली गल्ली, दोन्ही एकाच बाजूला लागल्या अन् ढकलून परत जाग्यावर नेला. पण रोज एवढा जोर कुठनं आणायचा? आमच्या दोन्ही चरख्या जीपसंगं गाळात गेल्या. तवा ट्रक राहू द्या, नुसती चरखी तेवढी कडब्याखाली झाकून धाडून द्या. टँकरला मागनं बांधून ठेवतो.