उमरखेडला न गेलेली गाडी

पुसद,
२२ फेब्रुवारी २०२५

भावसिंगभियास ममताचा नमस्कार. वहिनीलाही सांग. छोटीचा पहिला दात पडला असं मामांकडून कळलं, तिला माझ्याकडून एक पापा.

फोन तू उचलत नाहीस, मेसेज तुझ्यापर्यंत जात नाहीत, म्हणून पोस्टाने लिहिते आहे. अक्षर ओळखून फाडू नकोस. निदान अर्ध्यापर्यंत वाच.

इकडे सगळे बरे आहेत. कूलरचा सीझन तोंडावर आलाय, बापूंनी दुकानासमोर पत्र्यांच्या थप्प्या लावल्यात. याडीचे गुडघे तसेच आहेत, दवाखान्याचं नाव काढलं की आपली आई ऐकत नाही. बापूंचा उजवा हात आता खांद्याच्या वर जातो, भांग स्वतः पाडतात. माझं दुरुस्तीचं काम वाढलंय. फवारणीचे पंप, मोटारी, कुठे पिठाची चक्की. आसपासच्या बारा-पंधरा गावांत आता मला आयटीआयवाली बाई म्हणतात.

परवा रामसिंगमामा तुझा निरोप घेऊन आले होते. उमरखेडचे पाहुणे पुन्हा तयार आहेत, मी फोनवर माफी मागायची, तो पत्र्याचा डबा भंगारात घालायचा, आणि मे महिन्यात लग्न. मामा चहा न पिता गेले. उत्तर त्यांच्याकडे दिलं नाही. तुलाच देते.

आधी गाडीचं सांगते, कारण तुझ्या कानावर काय काय आलं असेल ते मला माहीत नाही.

लग्नात द्यायची ती पांढरी गाडी तूच पसंत केलीस, पुण्याहून रात्रंदिवस चालवत आणलीस, दारात लावून हॉर्न वाजवलास. झेंडूची माळही तूच घातलीस. आठ दिवसांनी पाहुणे ती बघायला आले. मुलाच्या काकांनी दार उघडून आत वाकून पाहिलं आणि म्हणाले, "ह्या डब्यात आमचा पोरगा मावल तरी का? मोठी पाह्यजे." मी आतून बाहेर आले आणि म्हणाले, मला हे लग्न करायचं नाही. तेव्हा तू त्यांच्या पाया पडलास, भिया. काका पाय मागे घेत होते आणि तू पुढे सरकत होतास. लग्न मोडल्याचं मला एक दिवसही वाईट वाटलं नाही. ते पाहिल्याचं अजून वाटतं.

तू पुण्याला परत गेलास. गाडी दारात उभी राहिली. येणारा-जाणारा तिच्याकडे बघायचा, मग माझ्याकडे. मी पंपांच्या कामाला ती न्यायला लागले, पण पेट्रोल फार पीत होती. मग मनात आलं, हिला कापावं. इंधन वाचेल हे कारण मी नंतर शोधलं. आधी फक्त एवढंच होतं, की ही कधीच कुणाला देता येऊ नये.

बापूंना सांगितलं. ते बराच वेळ गाडीभोवती फिरले. मग विचारलं, "मांगचे चाकं गाडी ओढते का?"

म्हटलं, नाही, पुढचीच ओढतात. मागची नुसती सोबत पळतात.

"मंग दोन कायले पाह्यजे?" म्हणाले, आणि दुकानातून ग्राइंडर आणून माझ्या हातात दिला.

तुला न विचारता कापली. तेवढं माझं चुकलं, आणि त्याची माफी मी मागते.

मागे मोटरसायकलचं एक चाक बसवलं. गाडी पुढे धावते तेव्हा चौकोनी पाठीमागे हवा घोळते आणि गाडीला मागे खेचते. म्हणून पाठ निमुळती हवी, पाण्याच्या थेंबासारखी. हे मला पुस्तकातून कळलं होतं, पण पत्रा तसा वळवणं बापूंनाच जमलं. तीस वर्षं कूलर केले त्यांनी, सगळे चौकोनी. हे शेपूट ठोकताना ते गाणं म्हणत होते. तू त्यांना गाताना ऐकलंयस कधी?

चाचणी रस्त्यावर घेतली नाही. बंद पडलेल्या कारखान्याचा आतला सरळ रस्ता आहे, दीड किलोमीटरचा. मालकाची परवानगी काढली, गाडी टेम्पोवर चढवून नेली. कापण्याआधी तिथेच एका लिटरच्या बाटलीवर मोजलं होतं, जाऊन-येऊन एक, अशा साडेपाच चकरा झाल्या होत्या. याडी "मी नाई येत तुमच्या तमाशाले" म्हणत आली, सावलीत बसली, आणि दर चकरेला एक चिंचोका पदरात टाकत राहिली. गाडी थांबली तेव्हा पदरात आठ चिंचोके होते. तिने दोनदा मोजले. एका लिटरला चोवीस किलोमीटर.

आता ते सांगते, जे तुला फोनवर सांगितलं नाही.

डिसेंबरमध्ये गाडी उलटली ती चाक निखळल्यामुळे, असं मी म्हटलं होतं. चाक निखळलं नव्हतं. तीन चाकांच्या अशा गाडीत वजन पुढे, दोन चाकांच्या मधे हवं. मागे वजन गेलं की वळणावर ती कलंडते. हे मला पक्कं माहीत होतं. त्या दिवशी कारखान्याच्या फाटकाशी उमरखेडच्या काकांचा पुतण्या मोबाइल धरून उभा दिसला. एवढं ओझं घेऊनही ही पळते हे त्याला दाखवायचं म्हणून मी बॅटरी, हत्यारांची पेटी, सगळं मागे टाकलं, बापूंना मागे बसवलं आणि फाटकापाशी वेगात वळवली. गाडी अलगद आडवी झाली. बापूंच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. व्हिडिओ तुझ्यापर्यंत आलाच. त्यात माझी किंकाळी आहे, ती माझीच आहे, बापूंची नाही. ते ओरडले नाहीत.

दवाखान्यात मी त्यांना खरं सांगितलं. म्हणाले, "तुनं बसवलं, मी बसलो. गाडीले काहून बोल लावतं?" थोड्या वेळाने म्हणाले, "मांगची सीट काढून टाक." काढली. पेटी आणि बॅटरी पुढे घेतली. आता बसायला दोनच जागा. तेव्हापासून ती कलंडलेली नाही, आणि मी तिला कलंडवायचा प्रयत्न पन्नास वेळा केलाय. एकटीने.

गेल्या आठवड्यात यवतमाळला आरटीओत गेले. साहेब फोटो बघून म्हणाले, "मॅडम, कागदावर तर चार चाकं आहेत."

मी म्हटलं, "मग कागद बदला."

ते हसले, पण हाकललं नाही. आधी तपासणी, मग मंजुरी, तोवर रस्त्यावर चालवता येणार नाही, मंजुरी मिळेलच असंही नाही, असं नीट समजावलं. मी अर्ज दिलाय. नाकारला तर काय कमी पडलं ते लिहून मागणार, दुरुस्त करणार, परत देणार. तोवर गावं मोटरसायकलवर फिरते, हत्यारं पाठीवर.

तर उत्तर. गाडी भंगारात जाणार नाही. माफी मागायची होती ती मी बापूंची मागितली, आणि गाडीपुरती तुझी. उमरखेडला मी फोन करणार नाही. कधीच नाही. तूही करू नकोस. माझ्यासाठी कुणाच्या पाया पडायची वेळ तुझ्यावर पुन्हा यावी, असं काही मी केलेलं नाही, भिया. तेव्हाही केलं नव्हतं.

तुझा राग असेल तर असू दे. मला त्याची भीती वाटत नाही. बापूंना मात्र तुझ्या फोनची वाट असते. दुकान उघडायच्या आधी, सकाळी कर. मी त्या वेळी घरी नसते.

तुझी धाकटी बहीण,
ममता खेमसिंग राठोड
(नाव हेच राहणार आहे. पाकिटावर नीट लिही.)