निरोगी गट, क्रमांक सतरा

४ सप्टेंबर

बाबा पडले. सव्वातीनला आईचा फोन आला तेव्हा मी प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणातल्या आकृत्यांना क्रमांक देत होते. आई आधी म्हणाली, "घाबरू नकोस हं." म्हणजे घाबरण्यासारखं होतं.

एका ऑफिसच्या इमारतीत, लिफ्टच्या मशीनरूममध्ये, शिडीच्या सहाव्या पायरीवरून. उजव्या खुब्याचं हाड मोडलंय. डोक्याला मार नाही. एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतायत, आजवर नखाला धक्का लागला नव्हता. सगळे म्हणतायत, पाय घसरला.

६ सप्टेंबर

ऑपरेशन झालं. दोन स्क्रू आणि एक पट्टी. बाबांनी स्क्रूचं माप विचारलं!

त्यांचा कामावरचा जोडीदार भेटायला आला होता. "जन्मभर लोकांचे जिने वाचवलेत, आणि स्वतः शिडीवरून आलात होय खाली?" बाबा हसले, टाका ओढला गेला, मग त्याला एक शिवी. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना माझी ओळख करून दिली – "आमची डॉक्टरीणबाई. फिजिऑलॉजीत आहे." आजोबांनी तत्काळ मान पुढे केली, आखडली होती. म्हटलं, ते फिजिओथेरपीवाले वेगळे, मी ती नव्हे. मग काय करतेस? शरीर कसं चालतं ते मोजते. "आणि बिघडलं तर?" ते डॉक्टर बघतात. आजोबांचा पार हिरमोड झाला. बाबा म्हणाले, "अहो, मीटर वाचते ती. वायरमन वेगळा असतो."

बरोबरच आहे व्याख्या.

९ सप्टेंबर

आज बाबांना पहिल्यांदा उभं केलं. वॉकर धरून उभे राहिले, नर्सला काहीतरी चिडवायला तोंड उघडलं आणि वाक्य अर्ध्यात सोडून डोळे पांढरे. दोघांनी धरून आडवं केलं. आडवे होताच शुद्धीवर. "काय झालं? लाइट गेले होते का?"

नर्स म्हणाली, अशक्तपणा आहे, रक्त गेलंय, होतं असं. रक्तदाब आडवा १४८, उभा १०१. मी नाडी विचारली. आडवी सत्तर, उभी त्र्याहत्तर.

"परत बघता?"

"ताई, बरोबर आहे. वाढली नाही हे चांगलंच ना?"

नाही. रक्त गेलं म्हणून दाब पडला असता तर नाडी धावली असती. शंभराच्या वर जायला हवी होती. दाब पडतो आणि हृदय जागचं हलत नाही, म्हणजे पडल्याची बातमी हृदयापर्यंत पोचतच नाहीये. मी हे उभ्या उभ्या, पाण्याचा ग्लास हातात धरून, परीक्षेत उत्तर द्यावं तसं मनात म्हटलं. मग ग्लास खाली ठेवला.

हे आकडे मी आधी पाहिले आहेत.

१० सप्टेंबर

फाइल उघडली. निरोगी गट, क्रमांक सतरा, १८ जानेवारी. ठरवलंय की सगळं लिहायचं, कमी-जास्त काही न करता.

माझा विषय: माणूस उभा राहिला की रक्त पायांकडे जातं, तरी पुढच्या काही सेकंदांत शरीर दाब कसा सावरतं, आणि वय झाल्यावर त्यात किती फरक पडतो. त्यासाठी पंचावन्नच्या वरची चोवीस निरोगी माणसं हवी होती. एकाने आयत्या वेळी अंग काढून घेतलं. मी घरी जेवताना कुरकुरले असेन. बाबा म्हणाले, "मी येतो ना. मला काय धाड भरलीय?" मला वाटलं, माझी नड भागवायला म्हणतायत. आईही म्हणाली, जा, तेवढीच पोरीला मदत.

अर्ज मीच भरला. मधुमेह? नाही. औषधं? नाही. चक्कर, अंधारी? – "छे!"

टेबलाला पट्ट्यांनी बांधलं, बोटाला दाब मोजणारी पट्टी लावली, टेबल साठ अंशांवर उभं केलं. आधी "मोटर करकरतेय तुमची, ग्रीस घाला" वगैरे चालू होतं. मी म्हटलं, बोलू नका, वाचन बिघडतं. ते गप्प झाले. आज वाटतं, फारच लवकर गप्प झाले.

तीन मिनिटांत दाब अडतीसने खाली. नाडी दोनने वर.

आणि मी काय केलं? मी विचार केला. शांतपणे, शिकवल्याप्रमाणे. दाब खरंच एवढा पडला असता तर हृदयाचे ठोके वाढले असते. वाढले नाहीत. म्हणजे दाब पडलेलाच नाही. बोटाची पट्टी थंड हातांवर खोटं बोलते, हे जगजाहीर आहे. बाबांचे हात थंडच होते. शेरा लिहिला: "बोटे थंड, पट्टी सैल. वाचन रद्द."

तर्कात एकही फट नाही, फक्त तो निरोगी माणसाला लागू पडणारा तर्क होता. आणि माणूस निरोगी हे कशावरून? मीच त्याला त्या रकान्यात बसवला होता.

नियम असा की शंका आली तर दंडाला पट्टा लावून पुन्हा मोजायचं. तंत्रज्ञबाई म्हणाल्यासुद्धा, "परत घेऊ या का गं? पाच मिनिटांचं तर काम." मी नको म्हटलं. कारण दाराबाहेर माझ्या गाइड मॅडम कुणा पाहुण्यांना प्रयोगशाळा दाखवत येत होत्या, आणि टेबलावर माझे वडील होते, शर्टाची बटणं उघडी, पायात भोकं पडलेले मोजे. मला लाज वाटली. पाच मिनिटांचं काम होतं.

११ सप्टेंबर

आज काही लिहीत नाही.

१४ सप्टेंबर

मेंदूविकारतज्ज्ञ येऊन गेले. दोन दिवस चाचण्या चालल्या होत्या. आजाराचं नाव लांबलचक आहे, इथे लिहीत नाही. शरीराची जी कामं न सांगता होतात, दाब, घाम, लघवी, ती सांभाळणाऱ्या पेशी एकेक करून मिटतात. परत येत नाहीत. वर्षं मोजकी. पायांना घट्ट मोजे, जास्त मीठ, खाटेची डोक्याकडची बाजू उंच. आईने सगळं वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "मग बरं कधी वाटेल?"

बाहेर व्हरांड्यात मी डॉक्टरांना गाठलं. आठ महिने आधी कळलं असतं तर काही फरक?

"आजारात? काही नाही."

"आणि शिडीच्या बाबतीत?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "शिडीवर आम्ही चढू दिलं नसतं. एवढंच."

१५ सप्टेंबर

दादाचा फोन. तो लांब असतो, त्याला ओरडायला कुणीतरी लागतं. "तू तर हेच शिकतेस ना गं? सहा वर्षं! घरातल्या घरात कळलं नाही तुला?"

म्हटलं, "नाही कळलं."

मग तो रडला. मी लाइनवर थांबले. चार मिनिटं.

१९ सप्टेंबर

मॅडमना सांगितलं. मोज्यांसकट सगळं. त्या पेनचं टोपण लावत-काढत होत्या.

"हे बघ. ते निरोगी नव्हते, म्हणजे गटात नकोच होते. बाद झाले ते योग्यच झालं. कारण चुकलं, निष्कर्ष नाही."

"सरासरीत फरक?"

"शून्य. तूच सांग."

शून्यच. मी आधीच काढून पाहिलं होतं. सहा वर्षांच्या कामाला माझ्या चुकीने ओरखडाही उठत नाही!

म्हटलं, मी कारण बदलणार. त्या म्हणाल्या, बदल, तळटीप दे, एक ओळ पुरे. मग चष्मा काढून म्हणाल्या, "मी तुझ्या जागी असते तर मीही यंत्रालाच दोष दिला असता."

त्यांना वाटलं, याने मला बरं वाटेल.

२३ सप्टेंबर

नोकरीचं पत्र आलं. ज्या प्रयोगशाळेत जायचं म्हणून ही सगळी उरस्फोड केली, तीच. म्हातारी माणसं का पडतात, यावरचंच काम आहे. सोबत मॅडमच्या शिफारशीची प्रत. "खोटी वाचने ओळखण्यात तिची नजर पक्की आहे." मे महिन्यातलं पत्र आहे, त्यांचा काय दोष? दहा तारखेपर्यंत कळवायचं आहे.

पत्र आईला दाखवलं नाही. तिने पाकीट पाहिलं, विचारलं नाही. आमच्या घरात हे असंच चालतं.

२७ सप्टेंबर

बाबा घरी आले. खाटेच्या उशाखाली विटा सरकवल्या. बाबांनी झोपूनच देखरेख केली – "लेव्हल बघ, लेव्हल! डावीकडची बसलीय." आईचं म्हणणं, असं उतरणीवर कुणी झोपतं का, रात्रभर घसरतील. बाबा म्हणाले, "घसरलो तर तळमजल्याला थांबेन."

दिवसातून तीनदा मी दाब मोजते, आडवा, बसून, उभं राहून. माझ्या प्रयोगाला आलेल्या सगळ्या माणसांत हा सर्वांत शहाणा. हलत नाही, बोलत नाही, श्वाससुद्धा मोजून घेतो. पट्टा सोडला की माझ्या तोंडाकडे बघत राहतो. मी आकडा वहीत लिहिते. तो आकड्याकडे बघतच नाही.

मला ते बघणं सोसत नाही. उद्यापासून आईला शिकवते, असं म्हटलं. बाबा म्हणाले, "नको, तूच मोज. तुझा हात हलका आहे."

२ ऑक्टोबर

बाबांना जानेवारीचं सांगायला गेले. दाढी करत होते. आरसा मी धरला. परत आले.

४ ऑक्टोबर

उद्या सांगणार. वाक्यं तयार केली आहेत, पाच. जानेवारीत आकडा दिसला होता. मी तो रद्द केला. परत मोजायला हवं होतं. मोजलं असतं तर तुम्ही शिडीवर चढला नसता. चूक माझी. लाजेचं सांगायचं की नाही, ते तेव्हा बघू.

ते काय म्हणतील तेही मला माहीत आहे. "अगं, आमच्याही हातून किती लिफ्टा अडकल्या! जाऊ दे." मला तेच नको आहे. एकदा त्यांनी जाऊ दे म्हटलं की पुढे मी कुणाकडे जाऊ?

५ ऑक्टोबर

सांगितलं. जाऊ दे म्हणाले नाहीत.

म्हणाले, जानेवारीच्या आधी दोनदा लिफ्टच्या शाफ्टमध्ये डोळ्यांपुढे अंधार आला होता. कंपनीच्या डॉक्टरला सांगितलं असतं तर घरी बसवलं असतं. म्हणून माझ्याकडे आले होते. चक्कर लपवली, कारण हो म्हटलं असतं तर मी त्यांना टेबलावर घेतलंच नसतं. मी काही बोलले नाही, म्हणजे सगळं ठीक असणार, असं त्यांनी धरलं. सोमवारपासून परत शिडीवर.

मग हळूच म्हणाले, "आईला यातलं काही सांगू नकोस. ती मला कामावर जाऊ देत नव्हती. तिला म्हटलं होतं, पोरीने तपासलंय."