नुसत्या पेट्रोलवर

अप्पा, तुमची स्कूटर मी जाम करून ठेवली. गंजली नाही, म्हातारी झाली नाही, मी तिच्यात नुसतं पेट्रोल भरलं. तुम्ही असता तर चष्मा कपाळावर सारून एवढंच म्हणाला असता, "अन् तू पोरायला फिजिक्स शिकवतूस?" हो, शिकवतो. लातुरात क्लासेसच्या गल्लीत माझ्या नावाची पाटी आहे आणि इंजिनाचा धडा मी दरवर्षी तुमच्याच गमतीवर उभा करतो.

ती गंमत आपल्या स्वयंपाकघरातली. आई एक भाकरी थापतेय, दुसरी तव्यावर उलटतेय, आणि तुम्ही ताटावरून मला समजावताय, "तुझी आई टू-स्ट्रोक हाय. पिस्टन एकदा वर, एकदा खाली, की काम झालं. धूर बी लई." आई विचारते, "अन् तुम्ही?" "मी फोर-स्ट्रोक. आत घेणार, दाबून धरणार, मग कुठं पेटणार, अन् शेवटाला धूर सोडणार. चार हेलपाट्यात काम एकदाच." आई खो खो हसते आणि तुम्ही लगेच मास्तर होता, "फोर-स्ट्रोकचं तेल खाली येगळं ऱ्हातंय. टू-स्ट्रोकला पेट्रोलातच मिसळावं लागतंय. इसरलास तर पिस्टन तापून धरतोय, गाडी जाम."

भूकंपानंतर तुम्ही रोज औशाकडच्या पत्र्याच्या शाळेवर शिकवायला जायचात. जमीन अजून हलत होती, आम्ही अंगणात झोपत होतो. कोपऱ्यावर स्कूटरचा फटफटाट ऐकू आला की आईचा जीव भांड्यात पडायचा आणि ती तवा चढवायची. तुमच्यामागे तिनं ती गाडी विकू दिली नाही. दर रविवारी स्वतः बाटलीतलं तेल पेट्रोलात मिसळून टाकीत ओतायची, शेजारच्या पोराकडून किक मारून घ्यायची आणि पायरीवर बसून आवाज ऐकायची. मला ते जरा हसण्यासारखंच वाटायचं.

गेल्या महिन्यात ती हदगावला मावशीकडे गेली. क्लासमधल्या मुलांना खरं टू-स्ट्रोक इंजिन दाखवावं म्हणून मी स्कूटर काढली. सकाळीच फळ्यावर दोन्ही आकृत्या काढून तेलाचा फरक समजावला होता. मग पंपावर गेलो आणि माझ्या मोटरसायकलच्या सवयीनं टाकी भरून घेतली. पूर्वी पंपावर तेलाचं विचारायचे, आता कोण विचारतंय! क्लासच्या अलीकडेच गाडी करकचून थांबली. माझ्याच विद्यार्थ्यांनी ती ढकलत घरी आणली. "सर, काय झालं?" म्हणाले. मी म्हणालो, जुनी झाली. अप्पा, लाजेनं मला त्यांच्याकडे बघवेना.

आई आली. रविवारी पोरानं किक मारली, ती खालीच जाईना. आईनं टाकीचं झाकण उघडून आत वाकून बघितलं. मग मला म्हणाली, "माझ्याच हातनं तेल कमी पडलं असंल रं. आता डोळ्याला नीट दिसत न्हाई." मी तिथंच उभा होतो. "हाव, झालं असंल," म्हणालो.

तेव्हापासून ती रविवारी पायरीवर बसत नाही. मिस्त्री म्हणतो, सिलिंडर घासून नवा पिस्टन बसवला की आवाज पहिल्यासारखा येईल. तो येईलही. पण तेल कुणी विसरलं, हे तिला सांगायला रोज तिच्यासमोर बसतो आणि चहा पिऊन उठतो. तुम्हाला मात्र सगळं लिहिलं, कारण तुम्ही काही तिला सांगणार नाही.