आघाडी फुटली तेव्हा

२४ मे १९७६, बैरुत

आज पुन्हा जेवताना जुंपली. नवरा कम्युनिस्ट, माझा धाकटा भाऊ सीरियाच्या बाजूचा राष्ट्रवादी, आणि दोघांचे पक्ष एकाच आघाडीत!

"दाजी, तुमची क्रांती येईपर्यंत मसूर गार होईल," नझीह म्हणाला.

"तू खा. तुझ्या पक्षाला तेवढंच जमतं," मुनीफ म्हणाला.

मग दोघंही हसले. यादवी सुरू झाल्यापासून वर्षभर एकाच वाळूच्या पोत्यांमागे पहारा देतात. पटत काहीच नाही, पण पाठ मात्र एकमेकांच्या भरवशावर टाकतात. आघाडी म्हणजे हेच असावं.

२ जून

सीरियाचे रणगाडे सीमा ओलांडून आत आले. मुनीफ म्हणतो, आक्रमण. नझीहचा पक्ष म्हणतो, मदत. नझीह जेवायला आला नाही.

५ जून

सकाळी दाढी करता करता मुनीफ म्हणाला, "उद्या आम्ही नझीहच्या पक्षाचं ऑफिस ताब्यात घेणार. अडवेल त्याला गोळी. पक्षाच्या समितीत विरोध करणारा मी एकटाच होतो."

एवढं बोलून गेला. नझीहला सांगितलं, तर ते दबा धरून बसतील – मुनीफच पहिला आत शिरायचा. नाही सांगितलं, तर नझीह.

दुपारी पाव घेऊन नझीहच्या ऑफिसात गेले. सगळं सांगितलं.

"दाजींनी पाठवलं?"

"नाही. त्याला कळलं तर मला घरात घेणार नाही."

"ताई, ज्यांच्याबरोबर पोती भरली त्यांना भिऊन पळू?"

"पळू नकोस. नुसता इथे थांबू नकोस. सगळ्यांना घेऊन जा."

मुनीफवर बंदूक रोखणार नाही, अशी आईची शपथ घ्यायला लावली. घेतली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

६ जून

ऑफिस रिकामं सापडलं. एकही गोळी सुटली नाही. मुनीफ घरी येऊन बूट न काढताच झोपला. मी काढले. जाग आली असती तर त्याच्या डोळ्यांत बघता आलं नसतं.

८ जून

समितीची माणसं घरी आली. कोणीतरी मला तिथे पाहिलं होतं. विचारलं, बातमी कोणी फोडली?

मी तोंड उघडलं तोच मुनीफ म्हणाला, "मी. तिला नुसता पाव पोचवायला सांगितला होता. चिठ्ठी पावात होती, तिला माहीत नव्हतं."

कसली चिठ्ठी! मी ओरडले, तो खोटं बोलतोय. कोणी ऐकलं नाही. बायको आहे, म्हणणारच, म्हणाले. घेऊन गेले त्याला.

९ जून

समितीच्या दारात दिवसभर उभी. आत घेतलं नाही.

११ जून

मुनीफला सोडलं. नझीह आपण होऊन समितीसमोर आला, म्हणाला – दाजींना सोडा, मला ठेवा. मुनीफ दोन घास खाऊन पुन्हा तिकडेच निघालाय. म्हणतो, त्याला घेतल्याशिवाय येत नाही. मीही निघाले.