दुधनीची वर्दी

सोलापूर
दि. ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय सायरास,

सलाम. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळं खुशाल आहे. काल फोन ठेवला आणि लक्षात आलं की आपण एवढा वेळ बोललो ते नुसतं जेवलीस का, अम्माला औषध दिलं का आणि बरं, ठेवतो. तुझ्याजवळ तुझा भाऊ तौसिफ, त्याची बायको, पोरं. माझ्याजवळ फायर स्टेशनातले सगळे कान टवकारून बसलेले. पन्नाशीच्या माणसानं बायकोला काय सांगायचं ते असं चारचौघांत सांगता येत नाही. घरात आपण दखनी बोलत असलो तरी लिहायला दोघांना शाळेतली मराठीच येते, म्हणून आज मराठीतच लिहायला बसलो.

दिवाळीनंतर अम्माला अर्धांगाचा झटका आला आणि तू माहेरी दुधनीला गेलीस, तेव्हा वाटलं होतं की पंधरवड्यात परतशील. आता क्वार्टरमधली तुझी कुंडीतली मेथीसुद्धा वाळून गेली. मी पाणी घालत होतो, खोटं सांगत नाही. जास्तच घातलं असेल.

साहेबांनी हल्ली मला वस्त्यांत पाठवायला सुरुवात केलीय. आग लागल्यावर जाणं वेगळं आणि लागू नये म्हणून आधी जाऊन बोलणं वेगळं. परवा टॉवेल कारखान्याच्या मागच्या वस्तीत विडी वळणाऱ्या बायकांना जमवलं. गॅसचा वास आला तर बटणाला हात लावायचा नाही, रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या, असं सगळं करून दाखवलं. दानम्मा म्हणून एक म्हातारी पुढंच बसली होती. मध्येच विचारते कशी, साहेब, तुमच्या घरी शेगडी कोण पेटवतंय की? सगळ्या हसल्या. मी रेग्युलेटर पुन्हा पहिल्यापासून दाखवला.

अम्माला सलाम. पोरांना पापा. लोभ आहेच, त्यात भर घालायला जागा सापडली तर घालावी.

तुझा
मैनुद्दीन

---

दुधनी
दि. २० फेब्रुवारी २०२५

समराचे अब्बा यांस,

सायराचा सलाम. वि. वि.

पोस्टमन दारात आला तेव्हा अख्खी गल्ली गोळा झाली. समोरच्या शरणम्मानं विचारलं, कोर्टाचं काय आलंय का म्हणून. नवऱ्याचं पत्र आहे म्हटल्यावर पदर तोंडावर घेऊन हसत सुटली. तेव्हापासून रोज मला विचारते, आज आलं का.

मेथीचं राहू द्या. तुम्ही भात करपवता हे मला समरानं पुण्याहून फोनवर कळवलंय. बापलेकीचं गुपित माझ्यापर्यंत येतं, ध्यानात ठेवा.

अम्माची तब्येत आहे तशी आहे. डावी बाजू हलत नाही. जीभ जड झालीय, पण राग पूर्वीचाच आहे. तौसिफ सकाळी टेम्पो घेऊन जातो, भाभी डाळ मिलमध्ये, पोरं शाळेत. दिवसभर मी आणि अम्मा. दुपारी घर इतकं गप्प होतं की मला आपल्या क्वार्टरमधली घंटा आठवते. ती वाजली की तुम्ही ताटावरून उठायचात, मी चिडायचे. आता ती ऐकायला मिळाली तर बरं वाटेल.

एक विचारायचं होतं. तुम्ही सगळ्यांना शिकवता की वाकून बाहेर पडा, धावू नका. ज्याला चालताच येत नाही त्यानं काय करायचं? आमच्या भिंतीला लागून बारदानाचं गोदाम आहे, छपरापर्यंत पोती रचलेली. तिकडं हमाल विड्या ओढतात. मी अम्माकडे बघते आणि मनात येतं, मी एकटी हिला कशी उचलणार? तुम्ही इथं असता तर विचारलंच नसतं.

जास्त काय लिहू. आठवण ठेवा म्हणणार नाही, ठेवताच.

सायरा

---

सोलापूर
दि. १ मार्च २०२५

प्रिय सायरास,

सलाम. वि. वि.

तुझा प्रश्न साहेबांसमोर ठेवला. ते म्हणाले की अनिलकुमारला आजारी पाड आणि आत्ताच करून बघ. अनिलकुमार आमच्यातला सगळ्यात जाड. तो मरगळून पडला, मी एकट्यानं त्याला ओढत अंगणापार नेलं. आता ही रीत मी प्रत्येक वस्तीत दाखवतो, घराघरांत कुणी ना कुणी अंथरुणाला खिळलेलं असतंच.

उचलायचं नाही. जाड गोधडी जमिनीवर पसरायची. अम्माला कुशीवर वळवून त्यावर घ्यायचं, गोधडीनं गुंडाळायचं. डोक्याकडची दोन टोकं धरून उलट्या पावलांनी ओढत न्यायचं, डोकं जमिनीपासून थोडं वर ठेवून. धूर असेल तर तू गुडघ्यांवर राहा, नाकाला ओला कपडा बांध. उंबऱ्यावर उशी टाक म्हणजे कमरेला बसणार नाही. वस्तू वाचवायला परत आत जायचं नाही. एकदा भाभीला घेऊन करून बघ. आणि तौसिफला सांग, गोदामाच्या मालकाशी विड्यांचं बोल.

सोलापुरातल्या सगळ्या बायकांना मी समोर उभा राहून दाखवतो आणि तुला कागदावर.

ईदला येतो. रजेचा अर्ज दिलाय. शीरखुर्म्यात खारीक जास्त घाल.

तुझा
मैनुद्दीन

---

दुधनी
दि. २ एप्रिल २०२५

समराचे अब्बा यांस,

सलाम. ईद मुबारक, वि. वि.

ईदच्या सकाळी तुमचा फोन आला की दोघं आजारी पडलेत, रजा रद्द. मी हो, हो, काही हरकत नाही म्हटलं, कारण घरभर पाहुणे होते. हरकत होती. मी नवी ओढणी घेतली होती. पहिल्या गाडीची शिट्टी झाली तेव्हा तुम्ही येणार नाही हे माहीत असूनही दारात जाऊन आले. तुमच्या वाटचा शीरखुर्मा दुसऱ्या दिवशीपर्यंत झाकून ठेवला होता, मग शरणम्माच्या घरी दिला.

मी भांडत नाही. ज्यांच्याकडे तुम्ही गेलात त्यांच्याही घरी कुणी वाट बघत असेल. पण मी कुणाला सांगू की मला वाईट वाटलं, म्हणून तुम्हालाच सांगते.

गोधडीचं करून बघितलं. भाभीला ओढलं तेव्हा पोरांनी टाळ्या पिटल्या, त्यांनाही ओढावं लागलं. अम्माला घेतलं तर ती इतकी रागावली! जड जिभेनं म्हणाली, मला काय ज्वारीचं पोतं समजलीस का गं? पण दारापर्यंत नेलं. उंबऱ्याशी अडले, उशी विसरले होते. विड्यांचं गोदामाचा मालक तौसिफला बघू म्हणालाय.

तुमच्या अग्निशमन सप्ताहात घसा जपा. काळजीत असलेली,

सायरा

---

सोलापूर
दि. १४ मे २०२५

प्रिय सायरास,

सलाम.

काल संध्याकाळी तुझा फोन लागला आणि तू म्हणालीस, आम्ही ठीक आहोत, अम्मा ठीक आहे, काळजी करू नका. तुझ्यामागं माणसांचा कालवा ऐकू येत होता, म्हणून मी जास्त विचारलं नाही. आता विचारतो. सगळं लिही. काहीही गाळू नकोस.

माझं आधी सांगतो. दुपारी वर्दी आली. दुधनीत बारदानाचं गोदाम पेटलंय, अक्कलकोटहून गाडी निघालीय, सोलापूरच्या गाडीनं तयार राहावं. माझ्या कानात गोदाम एवढाच शब्द राहिला. बूट चढवले, गाडीत बसलो, इंजिन सुरू केलं. हुकूम येईना. तुझा फोन लागेना, तौसिफचा लागेना. अनिलकुमार शेजारी बसला होता, तो सारखा म्हणत होता की भाऊ, आता निघू, आता निघू. मग निरोप आला की आग आटोक्यात आहे, तुमची गरज नाही. एरवी गरज नाही म्हटलं की आम्ही खूश होतो. काल मी स्टेअरिंग सोडीना. साहेबांनी स्वतः येऊन किल्ली फिरवली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

सायरा, मी आजवर किती जणांच्या दारात वेळेवर पोचलो असेन. तुझ्या दारात मी नव्हतो.

पंचवीस तारखेची, रविवारची रजा साहेबांनी न मागता दिलीय. तुला आणि अम्माला इकडेच घेऊन येतो. खोली खालच्या मजल्यावर आहे, अम्माला जिना नाही.

तुझा
मैनुद्दीन

---

दुधनी
दि. २० मे २०२५

समराचे अब्बा यांस,

सलाम. वि. वि.

सगळं लिहा म्हणालात, लिहिते.

मी अम्माला दुपारचा भात भरवत होते. भिंतीपलीकडं कुणीतरी ओरडलं. कुणी काय फेकलं ते अजून कळलं नाही. पत्र्याच्या फटीतून धूर आत यायला लागला, पिवळा, घशाला झोंबणारा. हातातला घास खाली पडला. आधी रेग्युलेटर बंद केला. मग हाका मारल्या, पण बाहेर इतका गोंधळ की कुणाला ऐकू जाईना.

गोधडी टाकली. अम्माला कुशीवर वळवलं. ती मला ढकलत होती, एका हातानं. म्हणत होती, तू जा, सायरा, तू जा. मी तिला दरडावलं. आयुष्यात पहिल्यांदा आईला दरडावलं, गप्प पडून राहा म्हणाले. ओली ओढणी तिच्या नाकाला, दुसरी माझ्या. गुडघ्यांवर बसून ओढत निघाले. मधली खोली एवढीशी आहे, पण त्या दिवशी संपेना. मी तुमचं पत्र आठवायला गेले तर शब्द आठवले नाहीत, तुमचा आवाज आठवला. डोकं वर धर, डोकं वर धर. उंबऱ्यावर या वेळी उशी टाकली. तेवढ्यात शरणम्मा दाराशी आली, वाकून गोधडीचं एक टोक धरलं, आणि आम्ही दोघींनी अम्माला कडुलिंबाखाली नेलं. अम्माच्या पाठीला खरचटलंय, माझे गुडघे सोललेत. डॉक्टरांनी बघितलं, छाती दोघींची साफ आहे. पोरं मामाकडे गेली होती, अल्लाची मेहरबानी.

छप्पर वाचलं. गोदामाकडची भिंत काळी झालीय, कपडे गेले. मालकानं उरलेला माल गावाबाहेर हलवलाय.

अम्मा सोलापूरला येणार नाही. कालपासून तौसिफनं, भाभीनं, मी समजावलं. तिनं चांगला हात खाटेवर आपटून सांगितलं की इथंच निकाह झाला, इथूनच उचला. मग मलाही इथंच राहावं लागेल. किती दिवस, ते मी स्वतःला विचारत नाही, तुम्हीही विचारू नका. रविवारी न्यायला नको, नुसते भेटायला या. गणवेशात येऊ नका, नाहीतर गल्लीतली पोरं तुम्हाला सोडणार नाहीत आणि माझ्या वाट्याला काही येणार नाही.

फोनवर सांगितलं नाही ते एक राहिलंय. अम्माचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते तेव्हा अक्कलकोटची लाल गाडी गल्लीच्या तोंडाशी आली. ती सोलापूरची नाही, मला माहीत होतं. तुम्ही तिच्यात असणं शक्यच नाही, तेही माहीत होतं. तरी दार उघडलं आणि मी उतरणाऱ्या एकेकाचं तोंड बघत राहिले. पहिला, मग दुसरा, मग हेल्मेट घातलेला उंच माणूस, त्याची चाल थोडी तुमच्यासारखी होती. तो वळला. शेवटचा उतरला आणि दार लागलं. तेव्हा मी रडले. तोपर्यंत रडले नव्हते.

शरणम्माला वाटलं, घरासाठी रडतेय. जाऊ दे की गं, म्हणाली, भिंत काय, परत रंगवता येती. मी तिला हो म्हटलं.

रविवारी पहिल्या गाडीनं या.

तुमची
सायरा